दादाला पण तेच उपचार मिळायला हवेत

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला, मग तोच शाळेच्या ग्रुपवर, मग इथं इंग्लंडमध्ये लीड्सच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर पण. म्हणणं थोडक्यात असं की थेरपी ही परदेशात एकट्या पडलेल्या माणसांची गरज आहे, आपल्याकडं घरात माणसं आहेत, पार आहे, कट्टा आहे, शेजारीण आहे, मन मोकळं करायला पैसे मोजावे लागत नाहीत. खाली अंगठ्यांची रांग. त्यात माझे काका, शाळेतल्या मैत्रिणी, आणि दादाचा पण अंगठा.

दादाचा अंगठा बघून राहवलं नाही म्हणून हे लिहितेय. त्याला विचारून लिहितेय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी नागपंचमीला सांगलीत माहेरी आले होते, लेकीला इकडं शाळेची सुट्टी होती. आमचं घर गावभागात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका हे आमच्याकडं लहान पोरांना पण पाठ असतं, आणि २००५ चा पूर सगळ्यांनी बघितलेला, त्यामुळं त्या खुणेच्या वर पाणी जात नाही असं धरूनच सगळे चालले होते. गेलं. ५७ फुटांवर गेलं. आम्ही सगळे वरच्या मजल्यावर, लाईट नाही, जिन्याची एकेक पायरी पाण्याखाली चाललेली आणि रात्रभर दादा टॉर्च घेऊन त्या पायऱ्या मोजत बसलेला. ८ तारखेला तिकडं पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, बायका-पोरं गेली, ती बातमी कुणाच्यातरी मोबाईलच्या उरल्यासुरल्या चार्जिंगवर आमच्यापर्यंत पोचली. आणि मग आमच्यासाठी बोट आली. गुडघ्यानं अधू झालेल्या आईला गॅलरीतनं खाली बोटीत द्यायचं, वरनं दादानं धरलेलं, खालनं मी, बोट हलायली आणि डोक्यात ब्रह्मनाळ. आई सुखरूप शहरातल्याच विश्रामबागला पोचली, आम्ही सगळेच पोचलो, ज्यांची माणसं गेली त्यांच्यापुढं आमचं काहीच नाही असं तेव्हा आम्ही एकमेकांना सांगत होतो आणि ते खरंच होतं.

पण मी लीड्सला परत आले आणि महिन्याभरानं सुद्धा बसस्टॉपवर डिझेलचा वास आला की हातातली पिशवी गळून पडायची. त्या बोटीच्या इंजिनचा वास. झोपेत आईचा हात सुटायचा. लेकीला स्विमिंगला सोडायचं बंद केलं. तिकडं दादा पण झोपत नव्हता, पण ते मला कुणी सांगितलं नाही, वहिनी फोनवर एवढंच म्हणायची की चाललंय, घर साफ करायलोय, पंचनामा झाला.

म्हणजे पूर एक, घर एक, बोट एक, त्या आईला धरलेले हात दोघांचे. पुढच्या वर्षी मला उपचार मिळाले. त्याला मिळाले नाहीत. आमच्यात एवढाच फरक आहे, आणि तो मेसेज म्हणतो की त्याला गरजच नव्हती कारण त्याच्याभोवती माणसं होती.

माणसं होती हे अगदी खरं आहे आणि त्याचं मोल मी कमी करणार नाही. पाणी ओसरायच्या आधी विश्रामबागेतल्या लोकांनी घरं उघडली, पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांतनं भाकऱ्यांची गाठोडी आली, कुठल्या कुठल्या गावची मंडळाची पोरं फावडी घेऊन चिखल काढायला आली, आमच्या घरात गुडघाभर गाळ होता तो अनोळखी पोरांनी काढला. इथं माझ्या शेजारणीला मी पुरातनं आलेय हे माहीत पण नव्हतं. आणि हे नुसतं भावनेचं नाही, ट्रॉमावरच्या, म्हणजे मनावरच्या आघातावरच्या संशोधनात वर्षानुवर्षं हेच दिसलंय की ज्याला घटनेनंतर आधाराची माणसं मिळतात त्याला पीटीएसडी, म्हणजे तो आघात मनात तसाच राहून होणारा आजार, होण्याचा धोका कमी असतो, आणि बहुतेक लोक काही आठवड्यांत आपले आपण सावरतात. इंग्लंडमध्ये नाइस नावाची संस्था उपचारांचे नियम ठरवते, त्यांच्या २०१८ च्या सूचनांत तर स्पष्ट आहे की घटना घडल्या घडल्या सगळ्यांना बसवून मनातलं बोलायला लावायचं नाही, त्याचा फायदा नाही. म्हणजे पहिल्या महिन्यात बहुतेकांना भाकरी आणि फावडं हाच उपचार. तिथं घरच्यांचं बरोबर आहे.

प्रश्न त्या महिन्यानंतरचा आहे. जो सावरत नाही त्याचा.

कारण आपल्याकडं त्या माणसाला काय सांगतात, तर झालं गेलं गंगेला मिळालं, आता ते उकरून काढू नको. मायेनं सांगतात. कट्ट्यावर दादानं पुराची गोष्ट शंभर वेळा सांगितली असेल, पाणी किती होतं, आलमट्टी धरणाचं काय, कोयनेतनं किती सोडलं, पण आईला बोटीत देतानाचं एकदाही नाही. तिथपर्यंत आला की तो विषय बदलतो आणि ऐकणारे पण बदलू देतात, कारण आपल्या माणसाला रडताना बघवत नाही. आणि नेमका तोच तुकडा आजारी असतो.

माझ्या सेशनमध्ये मन मोकळं करणं हा प्रकार फार कमी होता, हे मला लोकांना सांगायचंय. लॉकडाऊनमुळं सगळं व्हिडिओवर. ट्रॉमावर केंद्रित सीबीटी म्हणतात त्याला, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, साधारण ८ ते १२ सेशन असतात. डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा, आत्ता होतंय असा, आणि जिथं सगळ्यात जास्त भीती वाटते तिथं थांबायचं आणि त्या क्षणी मी काय समजत होते ते बघायचं. मी समजत होते आई पडणार आणि ती माझ्यामुळं पडणार. मग आज जे माहीत आहे ते त्या जागी आणून ठेवायचं, आई पडली नाही, आई विश्रामबागला आहे, चहा पितेय. ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्या दोन-तीन वेळा मी नंतर दिवसभर उठू शकले नाही. इंग्लिशमध्ये सांगताना मी बातमी वाचल्यासारखं सांगायचे, तर माझी थेरपिस्ट म्हणाली, त्या क्षणाला आलीस की तुझ्या भाषेत बोल, मला कळलं नाही तरी चालेल. मी मराठीत बोलले आणि तिथनं पुढं खरं काम सुरू झालं.

एका टप्प्यावर त्या जागेवर परत जायचं असतं, ती जागा आता कशी आहे हे बघायला. मी लीड्समध्ये अडकलेली, मग दादानं मोबाईल घेऊन आमच्या गल्लीतनं चालत व्हिडिओ काढून पाठवला, कोरडी गल्ली, सायकली, भाजीवाली, आमची गॅलरी, खाली उभा राहून त्यानं कॅमेरा वर धरलेला. म्हणजे माझा उपचार पुरा व्हायला घरचाच माणूस लागला. थेरपी विरुद्ध माणसं हे भांडण मला त्यामुळंच पटत नाही.

आणि तो व्हिडिओ काढणारा माणूस स्वतः जून लागला की अजून रात्री उठून पुलाची पातळी बघतो. २५ फूट असली तरी. २०२१ च्या जुलैत परत पूर आला तेव्हापासून तर खालच्या मजल्यावर त्यानं कपाट ठेवलेलं नाही. इथं एक गोष्ट मान्य करायला हवी, इंग्लंडची पद्धत जशीच्या तशी सांगलीत चालणार नाही. मला शिकवलं की तेव्हाचं आणि आत्ताचं वेगळं कर, डिझेलचा वास म्हणजे बस, बोट नव्हे. दादाची नदी तीच आहे आणि ती खरंच परत येते. त्याला भीती घालवायची नाही, त्याला ४० फुटांची भीती आणि २५ फुटांची भीती वेगळी करायचीय, आणि हे कृष्णाकाठ माहीत असलेला, मराठी बोलणारा थेरपिस्टच नीट करू शकेल.

तो मिळत नाही हे दुखणं आहे. मिरजेत उपचाराला सांगली-कोल्हापूरच नाही तर कर्नाटकातनं पण लोक येतात, १८९० च्या दशकापासनं डॉक्टरांचं गाव ते. तिथं गुडघा बदलून मिळतो. दादा एका डॉक्टरांकडं गेला, त्यांना बिचाऱ्यांना बाहेर पन्नास पेशंट, त्यांनी झोपेची गोळी दिली, ती तो अजून घेतो. खरंतर डब्ल्यूएचओनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं, २०१३ सालीच सांगितलंय की अशा प्रसंगानंतरच्या लक्षणांसाठी बेन्झोडायझेपीन जातीच्या झोपेच्या गोळ्या पहिल्या महिन्यात देऊ नयेत. पुण्यात थेरपिस्ट आहेत, पण एका सेशनचे हजार-दीड हजार आणि जाण्यायेण्याचा दिवस, दुकान बंद ठेवून कोण जाणार.

कायदा आपल्याकडं चांगला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी खर्चानं चालणारे मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केला. २०२२ पासनं १४४१६ ही टेलिमानसची फुकट लाईन आहे, मराठीत बोलतात, ज्याला आज रात्री कुणीच नाही त्यानं ती लावावी. पण फोनवरचा आधार वेगळा आणि तोच माणूस आठवड्याला तासभर दहा आठवडे समोर असणं वेगळं. इथलं पण सगळं गोड नाही, ट्रॉमाच्या कामासाठी लोक महिनोन्‌महिने रांगेत असतात, आणि सेशन संपलं की घरात मी आणि भिंती. पण रांग कशासाठी आहे हे तरी सगळ्यांना माहीत असतं, स्वतःचं नाव स्वतः नोंदवता येतं.

एवढे सायकॉलॉजिस्ट आणायचे कुठनं असं काका म्हणतात. गोव्यात संगत संस्थेनं दाखवलंय ते, डिग्री नसलेल्या गावातल्याच माणसांना शिकवून सरकारी आरोग्य केंद्रात नैराश्यासाठी सहा ते आठ सेशन द्यायचे, आणि त्यानं लोक बरे झाले, लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आलंय. ट्रॉमाला जास्त ट्रेनिंग लागेल, वर देखरेख करणारा माणूस लागेल, ते मान्य. पण पुरानंतर तीन महिन्यांनी आशाताईंनी घरोघर जाऊन झोप लागते का, पाण्याची स्वप्नं पडतात का, नदीकडं जाणं टाळता का एवढं विचारलं तरी दादासारखे किती आहेत ते कळेल. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळेला आमच्याकडं पंचनाम्याला माणसं आली, भिंतीवरची पाण्याची खूण मोजली, फ्रिज लिहून घेतला. हे कुणी विचारलं नाही.

पाटण भागातल्या माझ्या आत्यानं ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप बघितला होता. शेवटपर्यंत ती दाराला कडी न लावता उंबऱ्याजवळ झोपली, भर थंडीत सुद्धा, आणि आम्ही सगळे म्हणायचो आत्याची सवय आहे. तिच्याभोवती पण माणसं होती, भरलेलं घर होतं.

दादाला मी परवा सगळं सांगितलं, डिझेलचं, आईच्या हाताचं, त्याला हे पहिल्यांदाच कळलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, पुण्याला जमणार नाही, फोनवर मला बोलता येत नाही, पण मिरजेत कोण असेल तर मी येतो. तर सांगली-मिरज-कुपवाडमध्ये ट्रॉमाचं शिक्षण घेतलेलं, मराठीत सेशन घेणारं कुणी ओळखीत असेल तर मला सांगा. संध्याकाळची वेळ हवी, दुकान आठला बंद होतं. पैसे मी पाठवते.