मॅटवर मॅट टाकू नका: 'जनहितार्थ' फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पाऊस तोंडावर आला की गाडीच्या मॅटबद्दलचा एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. यंदा तो घरच्या ग्रुपवर आला आणि नुकतंच लायसन्स काढलेल्या भाच्याने खाली अंगठा दाखवून 'आजच टाकून घेतो' असं लिहिलं. म्हणून हा खटाटोप.

मेसेज थोडक्यात असा: "पावसाळ्याआधी 7डी मॅट टाका, शंभर टक्के वॉटरप्रूफ, थेंबही खाली जात नाही. कंपनीचे मॅट काढू नका, त्यांच्यावरच टाका, डबल संरक्षण. ड्रायव्हरकडचे हुक आड येतात, कापून टाका, ते नुसते शोभेचे असतात. मॅटखाली वर्तमानपत्र घाला, ओल शोषून घेतं. मॅटला टायर पॉलिश मारा, चिखल चिकटत नाही. रबरी मॅट चुकूनही घेऊ नका, त्याच्या वासाने कॅन्सर होतो." शेवटी जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'.

यातल्या बाकीच्या गोष्टींनी पैसे जातील किंवा गाडीला वास येईल. पण 'मॅटवर मॅट' आणि 'हुक कापा' या दोन सल्ल्यांनी जीव जाऊ शकतो. त्यामुळे आधी तेच.

वरून लटकणारं अ‍ॅक्सिलरेटर पेडल पूर्ण दाबलं की त्याचं खालचं टोक गाडीच्या तळाच्या अगदी जवळ येतं. तिथली मोकळी जागा एका मॅटपुरती असते. आता थर मोजा: खाली कंपनीचा कार्पेट मॅट, त्यावर फोम भरलेला रेक्झिनचा 7डी, आणि 7डीवर बहुतेक दुकानदार 'फ्री' म्हणून देतात तो नूडलचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या शेवयांसारख्या वेटोळ्यांच्या मॅटचा, तुकडा. तळ दोन-अडीच सेंटीमीटर सहज वर आला. घाटात ओव्हरटेक करताना पेडल टेकेपर्यंत दाबलं की टोक मॅटच्या उभ्या कडेत किंवा नूडलच्या गुंत्यात रुततं. पाय उचलला तरी पेडल वर येत नाही.

त्यात खालचा मॅट हुकाला अडकलेला असला तरी वरचा कशालाच अडकलेला नसतो. रेक्झिन कार्पेटवर ठेवलंय, टाच रोज त्याला पुढे ढकलतेय. आठवडाभरात तो तीन-चार बोटं पुढे सरकतो आणि पेडलांच्या खाली त्याची घडी पडते. ही घडी ब्रेकखाली गेली तर ब्रेक पूर्ण दाबला जात नाही. क्लचखाली गेली तर लक्षण वेगळं दिसतं: रिव्हर्स टाकताना कर्रकर्र आवाज, पहिला गिअर अडून बसणं. क्लच पूर्ण सुटतच नसतो, अर्धवट घासत राहतो. असली गाडी गॅरेजात नेली की कुणीतरी क्लचप्लेट बदलायला सांगतो. आधी मॅट बाहेर काढून गिअर टाकून बघा.

'एवढ्याशा मॅटने काय होतंय' असं म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतलं एक प्रकरण सांगतो, कारण त्याची जितकी चिरफाड झाली तितकी मॅटच्या दुसऱ्या कुठल्या अपघाताची क्वचितच झाली असेल. 28 ऑगस्ट 2009, कॅलिफोर्नियातलं सॅन्टी गाव. डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली लेक्सस ईएस 350 (लेक्सस हा टोयोटाचाच महागडा ब्रँड) भरधाव सुटली, थांबलीच नाही, गाडीतले चौघेही गेले. चालवणारा नवशिका नव्हता, तिथल्या महामार्ग पोलिसांतला अधिकारी होता. तपासात निघालं काय, तर गाडीत रबरी 'ऑल वेदर' मॅट होता, तोही आरएक्स 400एच या दुसऱ्याच मॉडेलचा, आणि तो हुकाला नीट अडकवलेला नव्हता. तीच गाडी त्याआधी वापरलेल्या एका ग्राहकाचंही पेडल मॅटमध्ये अडकलं होतं आणि त्याने ते डीलरकडे सांगितलंही होतं. महिन्याभरात टोयोटाने जवळपास 38 लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरकडचा मॅट काढून टाका आणि त्या जागी दुसरा कुठलाही टाकू नका, असं कळवलं. पुढे कित्येक मॉडेलांचं पेडल खालून कापून आखूड करून दिलं. त्याच्या दोन वर्षं आधी, 2007 मध्ये, याच कारणाने 55 हजार ऑल वेदर मॅट परत मागवले होते, हे विशेष. इलेक्ट्रॉनिक्समध्येच खोट असणार अशी तेव्हा मोठी ओरड होती. म्हणून अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेने थेट नासाच्या इंजिनिअरांना कामाला लावलं. फेब्रुवारी 2011 मध्ये निष्कर्ष आला: इलेक्ट्रॉनिक्समध्ये तसा दोष सापडला नाही. सापडली ती दोन साधी यांत्रिक कारणं, चिकटून बसणारं पेडल आणि पेडल अडकवणारा मॅट.

मग ब्रेक का नाही लागला? त्या गाडीचे ब्रेक अतिउष्णतेने जळालेले सापडले, म्हणजे लावलेले होते. पेट्रोल गाडीत ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा असताना ते व्हॅक्यूम जवळजवळ तयारच होत नाही. बूस्टरमध्ये साठलेलं एक-दोनदा पुरतं. ब्रेक दाबून-सोडून-दाबून पाहिला की तेही संपतं आणि पेडल दगडासारखं होतं. बऱ्याच नव्या गाड्यांत ब्रेक दाबताच अ‍ॅक्सिलरेटर निकामी करणारी सोय असते, पण आपल्या गाडीत ती आहे असं गृहीत धरू नका.

पेडल अडकलंच तर खाली वाकून मॅट ओढायला जाऊ नका. ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबा आणि सोडू नका. मॅन्युअल असेल तर क्लच दाबून न्यूट्रल, ऑटोमॅटिक असेल तर सरळ एन. इंजिन ओरडेल, ओरडू दे. गाडी कडेला थांबल्यावर इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. बटणवाल्या गाडीत चालताना बटण नुसतं टिचकी मारून चालत नाही, काही सेकंद दाबून धरावं लागतं. किती सेकंद, ते आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आजच वाचून ठेवा.

आता ते 'शोभेचे' हुक. ड्रायव्हरकडच्या कार्पेटवर सीटच्या पुढे एक किंवा दोन खुंट्या असतात, काही फिरवून लॉक होणाऱ्या, काही नुसत्या खटकन बसणाऱ्या. शेजारच्या बाजूला त्या बहुतेक गाड्यांत नसतात. नुसत्या शोभेच्या असत्या तर कंपनीने चारही बाजूंना लावल्या असत्या. त्या फक्त ड्रायव्हरकडे आहेत, कारण पेडल फक्त तिकडे आहेत. मॅट घेताना भोकं या खुंट्यांवर बरोबर येतात का ते गाडीतच बसवून बघा. दुकानदार 'भोक पाडून देतो' म्हणाला तर त्या भोकाला प्लॅस्टिकची किंवा धातूची रिंग ठोकून घ्या. नुसतं कापलेलं भोक महिन्याभरात फाटतं. खुंटी तुटली असेल तर सर्व्हिस सेंटरला सुटी मिळते, किरकोळ पैशांत.

मॅट टाकल्यावर एवढं तपासा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, सीट नेहमीच्या जागी. इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर हाताने तळापर्यंत दाबा आणि सोडा, खटकन वर आलं पाहिजे. मग मॅटची पुढची कड मुठीने जोर लावून पेडलांकडे ढकला आणि पुन्हा दाबा. एक बोटभर सरकला तरी तो मॅट नापास. क्लच असाच बघा. ब्रेक मात्र इंजिन चालू करून बघा, कारण बूस्टर चालू असताना पेडल जास्त खोल जातं आणि मॅटला लागायचं असेल तर तेव्हाच लागतं.

"7डी शंभर टक्के वॉटरप्रूफ." 7डीमधल्या 'सात'ला काही अर्थ नाही. 3डी, 5डी, 7डी, 9डी हे विकणाऱ्यांचे आकडे, कुठल्या मोजमापाचे नाहीत. वर रेक्झिन, आत फोम, खाली पातळ अस्तर, आणि चौकटी-चौकटीची शिलाई. रेक्झिन पाणी अडवतं हे खरंच. पण शिलाईचं प्रत्येक भोक म्हणजे सुईएवढी गळती आणि एका मॅटवर अशी शेकडो भोकं. भिजलेल्या छत्रीचं, बुटांचं पाणी खोलगट भागात साचतं आणि टाचेच्या दाबाने हळूहळू फोममध्ये उतरतं. शिवाय हे मॅट दरवाज्याच्या पट्टीखाली आणि सीटखाली खोचून बसवलेले असतात, त्यामुळे ते उचलून वाळवायचे कुणी मनावरच घेत नाही. खाली गाडीचं मूळ कार्पेट, त्याच्याखाली जाड नमदा. तो एकदा भिजला की पावसाळी हवेत आठवडाभर वाळत नाही. मग कुबट वास, काचेवर आतून सारखी वाफ आणि शेवटी बुरशी. वायरिंगचा जुडगा दरवाज्याच्या उंबऱ्यालगत याच कार्पेटखालून जातो, आणि बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटखाली एअरबॅग आणि बेल्टचे पिवळे कनेक्टर असतात. ते हिरवे पडले की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो.

मान्य करायचं तर एवढंच: शहरात, कोरड्या धुळीत 7डी पुसायला सोपा आणि दिसायला झकास. पावसाळ्याचा मॅट म्हणून तो विकणं ही शुद्ध थाप.

आणि कार्पेट ओलं दिसलं की ते पायांमुळेच झालं असं समजू नका. डाव्या बाजूला, डॅशबोर्डखाली, एसी चालवल्यावर स्वच्छ बिनवासाचं पाणी येत असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबलीय. गाडी उभी असताना खाली नेहमीचं पाणी टपकत नसेल तर खात्रीच. पाणी गोडसर वासाचं, चिकट असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, लगेच गॅरेज. यातलं काहीच मॅटने थांबत नाही, उलट जाड मॅटखाली महिना-महिना दिसत नाही.

"वर्तमानपत्र ओल शोषतं." शोषतं, अर्धं खरं. भिजलेल्या कार्पेटवर कागद दाबून ठेवा आणि दोन-तीन तासांनी बदला, उपयोग होतो. पण तो मॅटखाली घालून विसरलात तर ओला लगदा ओल धरून बसतो. कोरडा असेल तर आणखी वाईट, मॅट त्याच्यावरून सुळकन घसरतो. ड्रायव्हरकडे कागद नकोच. सर्व्हिसिंगनंतर गाडी ताब्यात घेताना पायाखाली जो छापील कागदी मॅट राहिलेला असतो, तोही गेटच्या आतच काढून टाका.

टायर पॉलिशबद्दल काय बोलायचं. त्यात सिलिकॉन असतं. ओला बूट, सिलिकॉन लावलेला मॅट, आणि तोच तळवा पुढच्या क्षणी ब्रेकवर. मॅट साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने धुवा, सावलीत वाळवा, संपलं.

"रबराच्या वासाने कॅन्सर." स्वस्त, जुन्या रबराच्या भुग्यातून किंवा हलक्या पीव्हीसीतून केलेल्या मॅटला उन्हात उग्र वास मारतो, डोकं दुखतं, हे खरं. पण वास आला म्हणून कॅन्सर होतो असं ठोकून देणाऱ्याने तोच पीव्हीसी नूडलच्या रूपात 7डीवर बसवलेला असतो, याचं काय? नवीन मॅट दोन-तीन दिवस गच्चीवर उघडा ठेवा. तरी वास जात नसेल तर परत करा.

मग घ्यायचं काय? आपल्या पावसाला सगळ्यात बरा म्हणजे आपल्या मॉडेलच्याच मापाचा, उभ्या कडांचा, एकसंध साच्यातला टीपीईचा (रबरासारखं लवचिक प्लॅस्टिक) किंवा चांगल्या रबराचा ट्रे मॅट. त्याला शिलाई नसते, फोम नसतो. पाणी कडेच्या आत साचतं, मॅट उचलून ओतून टाकता येतं. फक्त ड्रायव्हरकडची पुढची कड पेडलांपाशी उतरती हवी, तिथे उभी भिंत नको. मॉडेल एकच असलं तरी वर्ष आणि गिअर विचारून घ्या. ऑटोमॅटिकचा मॅट मॅन्युअलमध्ये क्लचखाली चुकीचा बसतो. कोकणात जाणं-येणं असेल तर नूडल टाळा, कारण जांभ्याची लाल माती त्या वेटोळ्यांत जाऊन बसते आणि पाठीला अस्तर नसेल तर खालचं कार्पेट कायमचं तांबूस करते. पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानात घ्या नाहीतर ऑनलाइन, कंपनीचा मॅट आधी बाहेर काढा, गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि मगच नवा टाका.

वॉशिंग सेंटरवरून गाडी घेताना ड्रायव्हरकडे एकदा वाकून बघा. तिथला पोरगा चारही मॅट एकत्र धुतो आणि घाईत नुसते फेकतो, खुंटीत अडकवत नाही. कधी डावा मॅट उजवीकडेही येतो. मॅटच्या पाठीवर ऑइल पेंटने 'ड्रा' लिहून ठेवलं तर त्यालाही सोपं जातं.