परत तेच

आमच्या घरात मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न "परत तेच?" हा असावा. तो विचारला जातो तेव्हा एकतर मी मागच्या दारी उभा राहून अर्धा तास एकाच दयाळ पक्ष्याकडे पाहत असतो, नाहीतर बिल एव्हान्स या जाझ पियानोवादकाच्या १९६१ सालच्या ध्वनिमुद्रणाची तीच बाजू पुन्हा लावलेली असते. विचारणाऱ्याच्या स्वरात राग नसतो, थोडी कीव असते. इतकी वर्षे मी हसून वेळ मारून नेत आलो. आज मात्र या प्रश्नाचे सविस्तर उत्तर लिहावेसे वाटते, कारण साध्या आनंदांविषयी माझे जे काही मत झाले आहे ते या दोन शब्दांभोवतीच फिरते.

साध्या आनंदांविषयी एरवी जे लिहिले जाते त्यात असे गृहीत धरलेले असते की हे आनंद आयते मिळतात, डोळे आणि कान उघडे ठेवले की झाले. माझा अनुभव तसा नाही. परसातला पक्षी सहज दिसतो, पण त्याचा आनंद सहज होत नाही. पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो केवळ एक काळापांढरा पक्षी असतो. जाझची रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकताना बराचसा गोंधळ आणि मधूनच सापडून निसटणारी एखादी चाल, इतकेच पदरात पडते. गोडी लागते ती ओळख झाल्यावर, आणि ओळख व्हायची तर त्याच त्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा जाण्याला पर्याय नाही.

आमच्या मागच्या दारचा दयाळ विणीच्या हंगामात उजाडण्याआधीच गाऊ लागतो. नर काळाभोर, पोट आणि पंखांवरचे पट्टे पांढरे, आणि शेपटी अशी ताठ उभारलेली की प्रत्येक वाक्यापुढे तो स्वतःच उद्गारचिन्ह देत असावा. सगळ्यांत उंच शेंडा गाठून तो चार-पाच स्वरांचा तुकडा म्हणतो, थांबतो, पलीकडून उत्तर येते का याचा अंदाज घेतो आणि तोच तुकडा किंचित बदलून पुन्हा म्हणतो. पहिले काही आठवडे मी हे सगळे 'गोड शीळ' या एकाच सदरात टाकत होतो. मग एका पहाटे लक्षात आले की त्याच्याकडे एक ठरलेली जागा आहे: तीन स्वर उतरत येतात, एक छोटीशी गिरकी होते आणि शेवटी एक लांब स्वर वर नेऊन ठेवलेला असतो. त्या लांब स्वराची मी वाट पाहू लागलो. तो आला की बरे वाटायचे आणि गिरकीनंतर पठ्ठ्याने मध्येच थांबून पंख साफ करायला घेतले की चुटपुट लागायची. समेची वाट पाहणाऱ्या श्रोत्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढे वाचनात आले की पक्ष्याचे स्वरयंत्र आपल्यासारखे गळ्याच्या वरच्या टोकाला नसते. श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते तिथे ते असते, आणि गाणाऱ्या पक्ष्यांना त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालवता येतात, म्हणजे एकाच वेळी दोन निरनिराळे आवाज काढता येतात. तो गातो ते हद्द राखण्यासाठी आणि मादीला बोलावण्यासाठी, हेही कळले. अशा माहितीने आनंदाचा रस आटतो असे म्हणणाऱ्यांशी माझे कधीच जमलेले नाही. त्या चिमुकल्या छातीत ही दुहेरी व्यवस्था कशी चालत असेल या विचाराने मी दुसऱ्या दिवशी अधिक लवकर उठलो, एवढेच माहितीने माझे नुकसान केले.

आता त्या ध्वनिमुद्रणाकडे येतो. २५ जून १९६१, रविवार. न्यू यॉर्कमधला व्हिलेज व्हॅनगार्ड नावाचा तळघरातला क्लब. पियानोवर बिल एव्हान्स, बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. दुपार आणि संध्याकाळ मिळून पाच वेळा हे तिघे वाजवायला बसले आणि तेवढ्या एका दिवसाच्या वादनातून पुढे दोन रेकॉर्ड निघाल्या. पहिल्यांदा ऐकताना मला त्या खोलीतल्या माणसांचा भयंकर राग आला होता. पियानो अगदी हळुवार होत जातो आणि नेमक्या त्याच वेळी मागे कोणीतरी गप्पा मारत असते, कोणी हसते, पेल्यावर पेला किणकिणतो. असे वादन चालू असताना बोलवते तरी कसे, असे वाटायचे. आता त्या किणकिणाटासकट मला ते ध्वनिमुद्रण पाठ आहे. कुठल्या स्वरानंतर पेला वाजणार हे ठाऊक असते आणि तो वाजला की घड्याळाचा टोल ठरल्या वेळी पडल्यासारखे समाधान वाटते. एकदा उत्तम हेडफोनवर ऐकले तेव्हा पेल्याच्या आवाजाला खोलीचा आकार असल्याचे जाणवले: तो डावीकडून, थोडा मागून, कमी उंचीच्या छताखालून येतो.

लाफारोचा बास समजायला मला त्याहून जास्त दिवस लागले. बासवादकाने खाली जमीन धरून ठेवायची आणि इतरांनी तिच्यावर घर बांधायचे, ही सर्वसाधारण वाटणी. लाफारो जमीन धरता धरता मध्येच उठून पियानोशी बोलू लागतो, त्याचे वाक्य अर्ध्यावर तोडतो, कधी त्याच्याही वर जाऊन गातो. हे ऐकू येण्यासाठी आधी पियानो इतका ओळखीचा व्हावा लागतो की त्याच्याकडे लक्ष देण्याची गरज उरत नाही. तसे झाले की कान मोकळा होतो आणि इतके दिवस तिथेच असलेला दुसरा माणूस दिसू लागतो. या वादनानंतर ११ दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. हे कळल्यावर मी तीच बाजू पुन्हा लावली. एकही स्वर बदललेला नव्हता, गप्पा मारणारी माणसे तशीच गप्पा मारत होती आणि माझा त्यांच्यावरचा राग मात्र कुठल्या कुठे गेला होता. आपण कशाच्या सोबतीला बसलो आहोत हे त्यांना कुठून कळणार होते?

"रेकॉर्ड म्हणजे तेच ते, ती कुठे बदलते?" असा युक्तिवाद यावर केला जातो. त्याला एक गमतीशीर उत्तर आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही १९५९ सालची रेकॉर्ड जाझ न ऐकणाऱ्यांनाही नावाने माहीत असते. तिच्या पहिल्या बाजूचे ध्वनिमुद्रण २ मार्च १९५९ रोजी न्यू यॉर्कमध्ये, पूर्वी चर्च असलेल्या एका स्टुडिओत झाले. त्या दिवशी टेपचे यंत्र किंचित हळू चालत होते. त्यामुळे ती टेप नेहमीच्या गतीने वाजवल्यावर सगळे किंचित जलद आणि किंचित चढ्या स्वरात ऐकू येऊ लागले. ही चूक १९९२ साली सुधारली गेली. म्हणजे ३० वर्षांहून अधिक काळ जगभरचे लोक ती बाजू चढ्या स्वरात ऐकत होते आणि तिच्या प्रेमात पडत होते. मीही त्यांतलाच. सुधारलेली आवृत्ती प्रथम ऐकली तेव्हा ट्रम्पेट थोडा दमल्यासारखा वाटला. आपल्या ओळखीचा माणूस आजारपणातून उठून आल्यावर वाटावा तसा. आता मला तीच बरोबर वाटते, पण जुनी ऐकली की घरी आल्यासारखे होते. यातली खरी कुठली, हा वाद मी घालत नाही.

पक्षी आणि जाझ यांची सांगड मी ओढूनताणून घालतो आहे असे कोणाला वाटेल, म्हणून थोडे विषयांतर. जाझची पहिली रेकॉर्ड म्हणून जी ओळखली जाते ती २६ फेब्रुवारी १९१७ रोजी ध्वनिमुद्रित झाली आणि तिच्या एका बाजूवर क्लॅरिनेट चक्क कोंबड्यासारखी आरवते. जाझमधला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याचे टोपणनाव 'यार्डबर्ड', म्हणजे शब्दशः परसातला पक्षी आणि अमेरिकी बोलीत कोंबडी. ते पुढे आखडून नुसते 'बर्ड' झाले. सॅक्सोफोन आणि बासरी वाजवणाऱ्या एरिक डॉल्फीने तर एका मुलाखतीत सांगितले होते की कॅलिफोर्नियातल्या घरी सराव करताना पक्षी त्याच्याबरोबर शीळ घालत, आणि पक्ष्यांचे स्वर आपल्या नेहमीच्या दोन स्वरांच्या मधल्या फटीत बसतात, तसे तो बासरीवर काढू पाहत असे. श्रुतींवरून तासन् तास भांडू शकणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये. उलट दिशेचाही एक धागा आहे. पक्ष्याच्या गाण्याचे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण १८८९ सालचे, लुडविग कॉख नावाच्या जर्मनीतल्या आठ वर्षांच्या मुलाने मेणाच्या सिलिंडरवर केलेले. त्यात गाणारा पिंजऱ्यातला पक्षी होता शामा, म्हणजे आपल्या दयाळाचा सख्खा चुलतभाऊ. हे वाचले त्या दिवशी मागच्या दारच्या गायकाकडे मी जरा अदबीने पाहिले.

एक कबुलीही द्यायला हवी. मध्यंतरी मी पक्ष्यांची यादी ठेवू लागलो होतो. फोनमध्ये एक अ‍ॅप घेतले, ते आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सांगायचे, नाव आले की मी खूण करायचो आणि पुढच्या आवाजाकडे वळायचो. आकडा भराभर वाढत गेला. काही महिन्यांनी सहज एक नाव वाचले आणि त्या पक्ष्याचा गळा कसा होता, तो कुठे बसला होता, यातले काहीही आठवेना. नाव होते, ओळख नव्हती. दोष अ‍ॅपचा नाही, नाव सांगण्याचे काम ते चोख करते. दोष माझ्या घाईचा. संगीतातही हेच करून झाले आहे. आपोआप लागत जाणाऱ्या शेकडो अनोळखी रेकॉर्डी दिवसभर मागे वाजत राहायच्या आणि रात्री त्यांतली एकही ओळ गुणगुणता येत नसे. नवे काही ऐकूच नये असे माझे म्हणणे अजिबात नाही. पण नव्याची भूक ही एकदा लागली की प्रत्येक घासानंतर वाढत जाते, हे मी अंगावर घेतलेले आहे.

"हे सगळे ज्याच्याकडे वेळ आहे त्याचे चोचले," असेही ऐकून घ्यावे लागते. हा आक्षेप मी झटकून टाकत नाही, कारण ज्यांच्या दिवसात श्वास घ्यायला जागा नाही त्यांना दयाळाचे कौतुक सांगणे हा उद्धटपणाच होईल. तरीही वेळेचा हिशेब आपण समजतो तेवढा मोठा नसतो. लुई आर्मस्ट्राँगच्या १९२८ सालच्या 'वेस्ट एंड ब्लूज'च्या सुरुवातीला तो एकटाच ट्रम्पेटवर जी तान घेतो ती जेमतेम १२ ते १५ सेकंदांची आहे. अख्खी रेकॉर्ड साडेतीन मिनिटांच्या आत संपते, कारण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर त्याहून फारसे मावतच नसे. चिमण्यांचे धुळीतले स्नानही फार चालत नाही: पोटाने उकरलेला वाटीएवढा खड्डा, त्यात पंखांची फडफड, शेजारणीला एक टोच आणि एकदम सगळ्या भुर्र. मात्र ही मिनिटे रोज, त्याच जागी आणि त्याच गोष्टीला द्यावी लागतात, आणि अडचण असलीच तर ती इथे आहे. आपल्याला एखाद्या गोष्टीला एकदाच तीन तास देणे जमते, रोज तीन मिनिटे देणे जड जाते.

सध्या मागच्या दारी एक नवा विद्यार्थी आला आहे. यंदाचे पिल्लू, छातीवर अजून तांबूस ठिपके, शेपटी उभारण्याचा आव पुरता साधलेला नाही. पक्ष्यांची पिल्ले गाणे मोठ्यांचे ऐकून शिकतात, आणि शिकताना आधी बराच काळ हलक्या आवाजात, स्वतःशीच, असंबद्ध काहीतरी बडबडत राहतात. हे पिल्लू दुपारी शेंड्यावर न जाता झुडपाच्या आत बसते आणि असेच पुटपुटते. त्याच्यासाठी मी घरातले संगीत बंद ठेवू लागलो आहे. गेल्या आठवड्यात त्याला तीन उतरते स्वर जमले. मग गिरकी यायची आणि गाडी तिथेच अडायची. काल दुपारी गिरकी झाली, तो क्षणभर थांबला आणि त्याने तो लांब स्वर लावला. किंचित चढा लागला.