बॅट फिरवू नका, कप जिंका

मुलींच्या सॉफ्टबॉलचे प्रशिक्षक व्हायचं तुमच्या मनात असेल, तर उन्हाळी शिबिराचे बोर्ड लागायच्या आत एवढं वाचून घ्या. गेल्या रविवारी आमच्या कन्येच्या टीमने १२ वर्षांखालचा कप जिंकला. मी सकाळी साडेसहापासून दुपारी दोनपर्यंत मैदानाच्या कडेला उन्हात उभा होतो. कप कसा जिंकतात ते आता मला तोंडपाठ आहे.

सगळ्यात आधी नाशकात एक उंच पोरगी शोधा. सिडकोत मिळेल, पंचवटीत मिळेल, नाहीच तर सातपूरला नक्की. दाखल्यावर वय ११ आणि चेहऱ्यावर दहावीचं टेन्शन असलं की समजा, सापडली. दाखला बघणारेही आपल्यासारखेच कुणाचे तरी सर असतात, त्यामुळे काळजी नसावी.

तिला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, करा आणि सगळे सामने तिच्याकडूनच टाकून घ्या. दुसरी पिचर घडवायला महिने लागतात, स्पर्धा दोन दिवसांत उरकते. एखाद्या आईने खांद्याचा विषय काढलाच, तर जपानच्या युकिको उएनोचं नाव सांगा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि जपानने सुवर्ण नेलं. तेव्हा ती २६ वर्षांची होती, हे सांगायची गरज नाही.

जिला झेल जमत नाही तिला राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला, धाडा. या वयात तिकडे चेंडू फारसा जातच नाही, त्यामुळे तिला न जमण्यात खंड पडत नाही. आमची कन्या दोन सामने तिथे होती. तिने बुटाच्या टोकाने मातीत पाच घरांची लंगडी आखली आणि खेळूनही घेतली.

हरलात तर अंपायर. जिंकलात तर तुम्ही.

आता मुख्य गोष्ट, बॅट. सॉफ्टबॉलमध्ये बॅट असते खरी, पण तिचा वापर टाळावा. हिशेब सोपा आहे. बॅटरसमोरच्या चौकटीबाहेर गेलेला आणि तिने सोडून दिलेला चेंडू म्हणजे ‘बॉल’; असे चार बॉल झाले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर चालत जाते, त्याला वॉक म्हणतात. अकरा वर्षांच्या पोरीला हात गरागरा फिरवून खालून टाकलेला चेंडू स्ट्राइकच्या चौकटीत बसवायला किती सराव लागतो, हे ज्याने प्रयत्न केलाय त्याला माहीत. पाचातला एक बसला तरी नशीब. मग आपल्या मुलींना एकच मंत्र द्यायचा, बॅट खांद्यावरून हलवू नको. उभी राहा. देवळाबाहेरच्या नंदीसारखी उभी राहा. चार चेंडू जाऊ दे, मग चालत सुट. तिन्ही बेस भरले की पुढच्या प्रत्येक वॉकला एक रन. आमच्या दुसऱ्या सामन्यात एका इनिंगला ओळीने सात मुली चालत गेल्या. श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसं यापेक्षा भरभर चालतात. त्यात समोरची कॅचर, बॅटरमागे चेंडू अडवणारी, म्हणजे हेल्मेटमध्ये हरवलेली एक चिमुरडी. चेंडू तिच्या पायातून मागे गेला की आमचे सर ओरडायचे, ‘पळ, पळ, होम!’ ती बिचारी मास्क सावरत जाळीपाशी चेंडू शोधायची आणि इकडे आमची एक रन. पिचर रडायला लागली. तिचे सर तिच्यावर ओरडत होते, आमचे सर टाळ्या वाजवत होते. सात इनिंगचा खेळ, पण फरक फार वाढला म्हणून मधेच थांबवला. आम्ही जिंकलो. एकाही मुलीने बॅटने चेंडूला हात, म्हणजे बॅट, लावली नव्हती.

तिसरा सामना. आम्ही १३-२ ने पुढे. कन्येला दोन दिवसांत पहिल्यांदाच बॅटिंग मिळाली. तीन बॉल, शून्य स्ट्राइक. तीन बॉल झाल्यावर पुढचा एक चेंडू सोडून द्यायची मोठ्यांच्या खेळातही रीत आहे, तेवढं मला कळतं. पण समोरून आला तो अगदी मऊसूत, पोटाच्या उंचीवर, मधोमध. आणि तिने बॅट फिरवली. टण्ण. दुसऱ्या बेसवरच्या मुलीने अडवला, पहिल्या बेसवर फेकला, आउट. ६० फुटांच्या त्या वाटेवर ही निम्म्यातच होती. परत येताना मात्र दोन्ही तळहात झिणझिणतायत हे मला लांबून हलवून दाखवत होती, आणि दात सगळे बाहेर. मलाही हसू आलं.

सरांनी डगआउटच्या तोंडाशीच गाठलं. ‘बॅट फिरवायला कुणी सांगितलं होतं तुला?’

पुढच्या इनिंगला ती बाकावर.

हं. तर आपण सल्ले देत होतो.

हा खेळ १८८७ साली शिकागोत बॉक्सिंगचा ग्लोव्ह गुंडाळून आणि दांडक्याने तो टोलवून सुरू झाला. त्या अमेरिकेतल्या हौशी लीग बघू नका, बिघडाल. तिथे बऱ्याच ठिकाणी हजर असलेल्या प्रत्येक मुलीला बॅटिंगच्या क्रमात घेतात. एका इनिंगला पाच रन झाल्या की बाजू बदलतात. अगदी लहान गटात चार बॉल झाले तर वॉक न देता कोच स्वतः येऊन पुढचे चेंडू टाकतो, म्हणजे पोरीला मारावंच लागतं. असल्या नियमांनी कप कधी येतात का?

जिंकल्यावर मिसळ. हरल्यावर मैदानाला पाच फेऱ्या.

फोटोत कप मध्ये, तुम्ही कपामागे. मुली मावल्या तर बघा.

बक्षीस समारंभाच्या भाषणात दत्तू भोकनळचं नाव घ्या, नाशकात ते चालतंच. आमच्या सरांनीही घेतलं. चांदवड तालुक्यातला पोरगा, २०१६ ला रिओत रोइंगमध्ये १३ वा. पण सर, त्या दत्तूने वल्हं पहिल्यांदा धरलं ते सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडून. बाराव्या वर्षी त्याच्याकडे कुठला कप होता? बाराव्या वर्षी त्याला बाकावर बसवून खेळाचा वीट आणायला कुणी नव्हतं, एवढंच त्याचं नशीब.

हे काही आता सल्ल्यात बसत नाही. सरळच बोलतो.

सर, जिंकायला माझी ना नाही. हरून आल्यावर मुली गाडीत गप्प बसतात, मला ते आवडत नाही. पण तुम्ही जिंकलात ते दुसऱ्याच्या पोरींना चेंडू टाकता येत नाही म्हणून. तुमच्या मुलींना काय येतं? दोन महिने पहाटे पाचला उठून आणून सोडलं तुमच्याकडे. तिला बंट, म्हणजे बॅट नुसती धरून चेंडू जवळच टाकणं, येत नाही. तिला झेल घेताना डोळे मिटू नयेत हे माहीत नाही. १३-२ असताना बाकावरच्या चार मुलींना खेळवलं असतं तर कप काय वितळणार होता? पुढच्या वर्षी समोरच्या पिचरचा चेंडू चौकटीत बसायला लागेल, तेव्हा तुमच्या या नंदींचं काय करणार?

आणि चूक माझीही आहे. फी भरताना मी विचारलं होतं, ‘मागच्या वर्षी कितवे आलात?’ काय शिकवता, हे विचारलंच नाही. ग्रुपवर कपाच्या फोटोला पहिला अंगठा माझाच होता. बाकीच्या पालकांनीही उगाच इकडेतिकडे बघू नये.

सोमवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी तिला खालून चेंडू टाकत होतो. पहिला सोडला. दुसरा सोडला. तिसरा, चौथा. सगळे सरळ होते, मी काही पिचर नाही, पण एवढं जमतं. म्हटलं, ‘अगं, फिरव की!’

‘नको बाबा. आउट झाले तर?’

पार्किंगमध्ये, सर. बापाच्या चेंडूवर. तिथे कोण आउट देणार होतं तिला? आधी हे तिच्या डोक्यातून काढा आणि मग पुढच्या शिबिराची फी मागायला या.