सीआरपीच्या आकड्याशेजारचं युनिट बघत जावा

हल्ली आपल्या कोल्हापुरात कुणालाही दोन दिवस ताप आला की सीबीसीबरोबर (रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट) सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) पण होतोच, आणि रिपोर्टची पीडीएफ डॉक्टरच्या आधी फॅमिली ग्रुपवर पोचते. मग सुरू. जाड अक्षरातला आकडा बघून कुणी म्हणतं कॅन्सरची टेस्ट करून घ्या, कुणी म्हणतं हार्टचं बघा, कुणी म्हणतं तांबडा-पांढरा बंद करा, अंगात उष्णता झालीय. पेशंट बिचारा रात्रभर टक्क जागा. याचा मला मनापासून राग येतो.

सीआरपी हे आपलं लिव्हर तयार करतं ते एक प्रोटीन. जंतुसंसर्ग झाला, मार लागला, ऑपरेशन झालं, सांधे सुजले, काहीही असो, सहा ते बारा तासांत ते रक्तात वाढायला लागतं, दोनेक दिवसांत टोकाला जातं आणि कारण मिटलं की साधारण दर १९ तासांनी निम्मं होत उतरतं. १९३० साली न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. गल्लीत कुठंतरी आग लागलीय एवढंच ही घंटा सांगते, कुणाच्या घरात आणि कशानं ते नाही. दाढेखाली पू झाला तरी वाढतो, टीबीत वाढतो, संधिवातात वाढतो, वजन जास्त असलेल्यांचा आणि सिगरेट ओढणाऱ्यांचा कायमच थोडा वर असू शकतो. मटणाच्या रश्शानं मात्र तो साठावर जात नाही, तेवढं डोक्यातनं काढा.

आता खरा घोळ. काही लॅब आकडा मिलिग्रॅम पर लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम पर डेसिलिटरमध्ये, आणि दोन्हीत दहा पटीचा फरक. म्हणजे एकीकडचे ५ आणि दुसरीकडचे ०.५ एकच. माझ्या मावशीचं हेच झालं. शुगरची पेशंट, ताप येत होता, पहिल्या लॅबचा आकडा ३८. मावसभावानं मेडिकलमधनं जुन्या चिठ्ठीवर अँटिबायोटिक आणलं, तीन दिवसांनी घराजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये टेस्ट केली तर ४.६. घरात सगळे खूश, औषध लागू पडलं म्हणून. राजारामपुरीतल्या डॉक्टरनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, युनिटखाली पेनानं रेघ मारली आणि म्हणाले, "मावशी, हे ४६ आहेत. कमी नाही, वाढलाय." ताप तर तसाच होता, पण आकड्यापुढं त्याच्याकडं कुणी बघतच नव्हतं! लघवीचं कल्चर केलं, त्यात जंतू निघाला, त्याला चालणारं औषध सुरू झालं तेव्हा कुठं ताप उतरला.

म्हणून माझं ठाम मत आहे, परत तपासायचा तर शक्यतो त्याच लॅबमध्ये, आणि एकट्या सीआरपीवरनं अँटिबायोटिक अजिबात सुरू करायचं नाही. व्हायरल तापात पण तो वाढतो की! शंभरच्या वर (पर लिटर बरं का) गेला तर बॅक्टेरियाचा संशय बळावतो, पण तेही डॉक्टरनी छातीला नळी लावून, पोट दाबून ठरवायचं. आणि लॅबवाल्यांना हात जोडून विनंती, युनिट बारीक अक्षरात कोपऱ्यात टाकू नका हो.

ईएसआर (रक्तातल्या लाल पेशी नळीत किती वेगानं खाली बसतात ते बघणारी, सुजेचीच दुसरी टेस्ट) याचं वेगळंच. तो वयानं वाढतो, रक्त कमी असलं तरी वाढतो, गरोदरपणात वाढतो, आणि आजार बरा झाल्यावरही कितीतरी दिवस वरच राहतो. सत्तरीतल्या आजीचा ईएसआर ३५ आला म्हणून तिला एमआरआयला पळवू नका, आधी हिमोग्लोबिन बघा. पण तिचं वजन उतरत असंल, संध्याकाळी कणकण येत असंल, नाहीतर नवीन डोकेदुखी आणि दिसायला अंधुक असंल, तर मात्र थांबू नका, डॉक्टरकडं जावा.

आणि उलटंही तेवढंच खरं. आजार नुकताच सुरू झाला असला तर सीआरपी नॉर्मल येऊ शकतो. धाप लागलीय, पेशंट बरळतोय, लघवी कमी झालीय, नाहीतर तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आहे, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, आकडा नॉर्मल असला तरी सरळ सीपीआरला (आपला कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) नाहीतर जवळ असंल त्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जावा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.