शहात्तर जिंका, शहात्तर हरा

संघ विकत घ्यायचा विचार चाललाय म्हणे तुमचा. छान. जिंकावं कसं हे सांगणारे तुम्हाला गल्लोगल्ली भेटतील, आणि तळ गाठायला कुणाच्या सल्ल्याची गरज नसते. अवघड असतं ते मधोमध राहणं. तराजूचा काटा जराही हलता कामा नये, चाहत्याला धड आनंद होता कामा नये आणि धड रडूही फुटता कामा नये. हे ज्यांना साधलं त्यांचा आदर्श ठेवायचा असेल तर १९११ साली न्यूयॉर्कला चला. तिथल्या हायलँडर्स नावाच्या बेसबॉल संघाने त्या वर्षी ७६ सामने जिंकले आणि ७६ हरले. आठ संघांच्या अमेरिकन लीगमध्ये नंबर सहावा. पहिल्या आलेल्या फिलाडेल्फियाने १०१ सामने जिंकले, शेवटच्या सेंट लुइसने १०७ हरले. त्या दोन टोकांच्या मध्ये आपले हायलँडर्स, वाण्याने मापून दिल्यासारखे.

असा हंगाम झोपेत घडत नाही. त्यासाठी आदल्या वर्षापासून कष्ट घ्यावे लागतात.

सुरुवात मालकांपासून करा. या संघाचे मालक दोन. फ्रँक फॅरल जुगाराचे अड्डे चालवायचा. बिल डेव्हरी न्यूयॉर्क पोलिसांचा माजी प्रमुख, आणि असे अड्डे चालू कसे राहतात याची त्याला उत्तम जाण होती अशी ख्याती. एक चालवणारा, एक चालू देणारा. १९०३ साली दोघांनी बाल्टिमोरचा संघ १८,००० डॉलरला घेऊन मॅनहॅटनच्या उत्तरेला, ब्रॉडवे आणि १६८व्या रस्त्यापाशी एका टेकाडावर आणून बसवला. म्हणून मैदानाचं नाव हिलटॉप पार्क. खेळात पैजेचा पैसा शिरू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसणारी माणसं हवी असतील, तर याहून जाणकार जोडी सापडायची नाही.

पुढची पायरी नीट ऐका, सगळी गंमत तिथेच आहे. तुमच्याकडे काम करणारा माणूस असेल तर त्याला आधी घालवा. हायलँडर्सकडे असा माणूस होता, जॉर्ज स्टॉलिंग्ज. १९०८ साली संघ तळाला होता, १०३ सामने हरलेला. १९०९ साली स्टॉलिंग्ज मॅनेजर, म्हणजे संघ चालवणारा प्रशिक्षक, म्हणून आला, संघ पाचवा आला. १९१० साली थेट दुसरा. आता तो काही संत नव्हता. मैदानाच्या कुंपणावरच्या जाहिरातीमागे दुर्बीण देऊन माणूस बसवायचा, समोरच्या कॅचरने, म्हणजे फलंदाजामागे बसणाऱ्या खेळाडूने, चेंडू फेकणाऱ्या पिचरला बोटांनी केलेल्या खुणा टिपायच्या आणि आपल्या फलंदाजाला कळवायच्या, हा उद्योग त्याच्याच कारकिर्दीत पकडला गेला. तरी जिंकायचं कसं हे त्याला कळत होतं, आणि मधोमध राहू पाहणाऱ्या संघात अशी माणसं फार त्रास देतात.

१९१०चा हंगाम संपत आला असताना स्टॉलिंग्जने तक्रार केली की आपला फर्स्ट बेसवाला हॅल चेस मुद्दाम वाईट खेळतोय. (बेस म्हणजे फलंदाजाने धावत गाठायचे टप्पे; तो पोचण्याआधी चेंडू फर्स्ट बेसवाल्याच्या हाती आला की फलंदाज बाद.) संघात राहून संघालाच हरवतोय. आरोप भयंकर होता. अशा वेळी तुम्ही काय कराल? चौकशी? चुकलात. प्रकरण मालक फॅरल आणि लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांच्यापुढे गेलं, आणि निकाल असा लागला की तक्रार करणाऱ्याने घरी जावं. मग रिकाम्या जागी मॅनेजर कुणाला नेमावं? हॅल चेसलाच. चोराच्या हाती किल्ल्या अशी म्हण आपल्याकडे आहे, पण त्या म्हणीतल्या चोरालासुद्धा किल्ल्या समारंभाने कुणी दिल्या नव्हत्या. चेसने उरलेल्या १४ सामन्यांपैकी १० जिंकून दाखवले, म्हणजे तोंडावर बोलायची सोयच उरली नाही.

आता हा चेस कोण, ते जवळून बघायला हवं, कारण असा एक माणूस तुम्हालाही शोधायचा आहे. नुसता वाईट खेळाडू चालणार नाही, तो लगेच ओळखू येतो. माणूस अप्रतिम हवा. चेस फर्स्ट बेसवर उभा राहिला की लोक तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणायचे. डावखुरा, मांजरासारखा चपळ. बाकीचे फर्स्ट बेसवाले बेसला चिकटून राहायचे, हा चांगला लांब, पुढे उभा राहायचा. फलंदाजाने चेंडू हळूच जमिनीवर टाकला की झेपावून उचलायचा, आणि दुसऱ्या कुणी फेकलेला चेंडू घ्यायला धावत बेसवर परत यायचा. अगदी वेळेवर पोचायचा.

किंवा क्षणभर उशिरा.

पुढे त्याच्याविषयी जे बोललं गेलं त्याचं मर्म या क्षणभरात आहे. समजा तुम्ही शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये, उभे आहात. चेंडू उचललात, नेहमीसारखा सरळ बेसवर फेकलात. तिथे तो घ्यायला चेसचा हात असायला हवा. पण चेस अर्धं पाऊल मागे राहिला. चेंडू त्याच्या बोटांच्या टोकांना चाटून मागे गेला, चेसने धडपडून झेप घेतली, प्रेक्षक हळहळले, ‘काय प्रयत्न केला हो!’ आणि चुकीची नोंद तुमच्या नावावर पडली. सामना गेला, चेसचा मान वाढला. कचेरीत नोकरी केलेल्या वाचकाला हे अधिक समजावून सांगायला नको.

असा माणूस मॅनेजर झाला की बाकीच्या संघाला आपोआप कळतं की इथे फार जीव तोडून उपयोग नाही. शिस्त अशी खास लागते. तिचा नमुना १२ मे १९११च्या डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यात बघा. डेट्रॉइटकडे टाय कॉब होता, त्या वर्षी ०.४२०च्या सरासरीने, म्हणजे शंभरात बेचाळीस वेळा, यशस्वी फटके मारणारा. सातव्या डावात त्याने दोन साथीदारांना घरी आणणारा फटका मारून बरोबरी साधली आणि स्वतः सेकंड बेसला पोचला. हायलँडर्सच्या कॅचरला पंचाचा निर्णय पटला नाही, तो हुज्जत घालायला लागला. हुज्जत रंगली. बाकीचे खेळाडूही आपापली जागा सोडून ऐकायला जमले, आपल्याकडे चौकात दोन स्कूटर एकमेकींना घासल्या की जमतात तसे. खेळ थांबवा असं पंचाला कुणी म्हटलंच नाही. कॉबच्या ते ध्यानात आलं. तो सेकंड बेसवरून सावकाश चालत थर्ड बेसला आला. कुणी पाहिलं नाही. तिथून होम प्लेटकडे, जिथे पोचलं की धाव पूर्ण होते तिकडे, निघाला, भांडण जरा जवळून बघू म्हणणाऱ्या वाटसरूसारखा, मान उंच करून. आणि एकदम घसरत होम प्लेटला पाय लावून मोकळा झाला. जिंकून देणारी धाव. पंच बरोबर होता की चूक, हा प्रश्न त्यानंतर फारसा महत्त्वाचा राहिला नाही.

हे तुमच्या संघाला शिकवा. हक्काची गोष्ट तत्त्वासाठी भांडताना कुणी पळवून नेली तरी चालेल, भांडण मात्र पूर्ण झालं पाहिजे.

एक धोका सांगून ठेवतो. काही जण सांगूनही ऐकत नाहीत, जिंकत सुटतात. हायलँडर्सच्या रस फोर्ड या पिचरने त्या वर्षी २२ सामने जिंकले (बेसबॉलमध्ये सामन्याची हारजीत पिचरच्या नावावर मांडतात). त्याची युक्ती अशी की हातमोज्यात घासकागदाचा तुकडा लपवायचा, चेंडूची एक बाजू खरबरीत करायची आणि चेंडू हवेत वेडावाकडा वळला की थुंकी लावलीय असं सांगायचं. तेव्हा थुंकी लावणं कायदेशीर होतं! बर्डी क्री नावाच्या ठेंगण्या आउटफिल्डरने ०.३४८ची सरासरी काढली, एका फटक्यात तिसरा बेस गाठायचा पराक्रम २२ वेळा केला. चेसची स्वतःची सरासरीही ०.३१५ होती. अशा लोकांनी संघ दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर जाऊन बसायची भीती असते. त्यावर उतारा म्हणजे रे कॉल्डवेल. हा पिचर १४ जिंकला, १४ हरला. संघाचं धोरण ज्याला समजलं होतं असा बहुधा तो एकटाच. त्याचा फोटो कचेरीत लावा.

आणि हो, पाहुणचार विसरू नका. एप्रिल १९११मध्ये न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाचं, जायंट्सचं, पोलो ग्राउंड्स हे मैदान आगीत जळालं. याच जायंट्सनी हायलँडर्सना शहरात पाय ठेवू नये म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं, १९०४ साली तर अमेरिकन लीगच्या विजेत्यांशी वर्ल्ड सीरिज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, खेळायचंच नाकारलं होतं. तरी फॅरलने मोठ्या मनाने त्यांना हिलटॉप पार्क वापरायला दिलं. जून संपेपर्यंत ते तिथे खेळले, मग आपल्या दुरुस्त मैदानावर गेले आणि त्या वर्षी आपली लीग जिंकून मोकळे झाले. घर आमचं, बारसं त्यांचं. दोन वर्षांनी हिलटॉप सोडून हायलँडर्सच जायंट्सकडे भाडेकरू म्हणून राहायला गेले, आणि तेव्हापासून त्यांचं नाव पक्कं झालं ते यांकीज. होय, तेच. त्यांचं ते टोपीवरचं न्यूयॉर्कचं चिन्ह घालून आपल्या कॉलेजांतली पोरं फिरतात, त्या टोपीखाली ७६-७६चा वारसा आहे हे त्यांना माहीत नसतं, बिचाऱ्यांना. टेकाडावरच्या त्या मैदानाच्या जागी आता मोठं इस्पितळ आहे.

स्टॉलिंग्जचं काय झालं विचाराल. घालवलेल्या माणसाची चौकशी करू नये, मनाला त्रास होतो. पण विचारलंतच म्हणून सांगतो. १९१४ साली तो बॉस्टन ब्रेव्हजचा मॅनेजर होता. संघ जुलैत तळाला होता. तिथून उठून त्याने लीग जिंकली आणि वर्ल्ड सीरिजमध्ये फिलाडेल्फियाला ओळीने चार सामने हरवलं. अशी माणसं कुठेही गेली तरी सुधारत नाहीत.

हायलँडर्सना मात्र ७६-७६चा तोल पुढे राखता आला नाही, याचं मला वाईट वाटतं. १९१२ साली नवा मॅनेजर आला आणि संघ ५० जिंकून १०२ हरला, शेवटचा नंबर. ते कुणालाही जमतं. १९११चा हंगाम संपल्यावर चेसने मॅनेजरकी सोडली होती. फर्स्ट बेस सोडला नव्हता.