कीड थोडी ठेवली की फिलिंग गळतंच? आधी कडा आणि तळ वेगळे करा

सध्या एक दावा खूप फिरतो आहे: ‘कीड अर्धवट काढून वर फिलिंग केलं तर ते चिकटत नाही, सील फुटतं आणि आत कीड वाढत राहते. म्हणून दात कडक लागेपर्यंत सगळं खरवडलंच पाहिजे.’ यात एक गोष्ट खरी आहे, दोन चुकीच्या आहेत, आणि शेवटच्या सल्ल्यामुळे दातांचं विनाकारण नुकसान होतं.

‘चिकटत नाही’ हा भाग बराचसा खरा आहे. किडीने मऊ झालेल्या डेंटिनमधली (दाताच्या बाहेरच्या कडक दंतवल्काखालचा थर) खनिजं गेलेली असतात आणि पाणी वाढलेलं असतं. फिलिंगआधी लावलेलं ॲसिड तिथे जास्त खोल शिरतं, पण फिलिंग चिकटवणारा बॉन्डिंगचा द्रव तेवढा खोल पोचत नाही, त्यामुळे खाली डेंटिनमधल्या कोलॅजन या प्रथिनाचे धागे उघडे राहतात. किंचित चिवट डेंटिनमध्ये सूक्ष्म नलिका खनिजाच्या कणांनी बुजलेल्या असतात, म्हणून तिथेही पकड निरोगी डेंटिनपेक्षा कमीच मिळते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

‘म्हणून सील फुटतं’ हा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. लाळ, साखर आणि जिवाणू आत शिरतात ते फिलिंगच्या कडेतून. कडेला सगळीकडे निरोगी दंतवल्क आणि त्याखाली साधारण 2 मिलिमीटरचा कडक डेंटिनचा पट्टा असेल, तर तळाशी नसेच्या वर राहिलेला मऊ थर त्या वाटेवर येतच नाही. उलट तळ आरशासारखा स्वच्छ आणि कडेला, दंतवल्क-डेंटिनच्या सीमेवर, किडीची बारीक रेघ राहिली तर ते फिलिंग गळणारच. कीड किती ठेवली यापेक्षा कुठे ठेवली हे महत्त्वाचं.

त्यामुळे कामाचा क्रमही ठरतो. आधी एक्स-रे आणि थंडाची चाचणी. आपोआप ठणका नसावा, थंड लागल्यावरची कळ काही सेकंदांत थांबावी, मुळाच्या टोकाशी सूज दिसू नये. मग रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून कोरडा ठेवणारा रबरी पडदा. बर (ड्रिलचं फिरतं टोक) आधी भिंती आणि कडेवर चालवायचा, प्रोबने (टोकदार तपासणी-सळईने) ओरखडल्यावर करकर आवाज येईपर्यंत. तळाकडे शेवटी वळायचं, तेही हाताच्या चमच्यासारख्या एक्स्कॅव्हेटरने: ओला लगदा काढायचा. एक्स-रेमध्ये कीड डेंटिनच्या आतल्या तिसऱ्या भागात पोचली असेल, तर नसेच्या वरचा मऊ थर तसाच ठेवायचा. मध्यम खोलीच्या किडीत मात्र तळ चामड्यासारखा चिवट लागेपर्यंत जायचं. किडीचा रंग दाखवणाऱ्या द्रवावर विसंबू नये. तो जिवाणूंना रंगवत नाही, नसेजवळचं निरोगी डेंटिनही रंगवतो, आणि मग हात थांबत नाही.

37 टक्के फॉस्फोरिक ॲसिड दंतवल्कावर 15 ते 30 सेकंद; डेंटिनवर 15 च्या पुढे नाही. तळ मऊ असेल तेव्हा ॲसिड फक्त दंतवल्कावर लावून डेंटिनसाठी स्वतःच एचिंग (ॲसिडने पृष्ठभाग खडबडीत करणं) करणारं बॉन्डिंग वापरणं आम्हाला जास्त सुरक्षित वाटतं. कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंगचं साहित्य) 2 मिलिमीटरपर्यंतच्या थरांनी भरायचं, कारण पक्कं होताना ते साधारण 2-3 टक्के आकसतं. एकदम जाड थर भरला तर आकसण्याचा ताण फिलिंगला कमकुवत तळापासून उचलतो, खाली फट पडते आणि चावताना कळ येते. फिलिंगखाली कॅल्शियम हायड्रॉक्साइड या औषधाचा थर इथे आवश्यक नाही; तो मऊ असतो, विरघळतो आणि चिकटण्याची जागा खातो.

सर्वांत नाजूक जागा दोन दातांच्या मधली, हिरडीकडची कड. तिथे दंतवल्क पातळ असतं किंवा नसतंच, हिरडीतून रक्त येतं, मॅट्रिक्स बँड (फिलिंगला आकार देणारी दाताभोवतीची पट्टी) नीट बसत नाही. त्या कडेवर तडजोड करू नये. ती कोरडी आणि कडक मिळत नसेल, तर हिरडी बाजूला करून कड उघडी करावी किंवा तिथे ग्लास आयोनोमर (दाताला रासायनिक रीतीने चिकटणारं फिलिंगचं सिमेंट) वापरावं.

‘आत कीड वाढत राहते’ याला जुनं उत्तर आहे. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या 10 वर्षांच्या एका अभ्यासात कीड जागेवरच ठेवून, कड निरोगी दंतवल्कावर घेऊन कॉम्पोझिटने बंद केली होती. सील टिकलं तिथे कीड पुढे गेली नाही. साखरेचा पुरवठा तुटला की जिवाणूंची संख्या घटते. दात पुन्हा उघडून पाहिल्यावर तो थर कोरडा, गडद आणि कडक झालेला आढळतो.

‘नंतर पुन्हा उघडून उरलेली काढा’ हा मधला मार्गही तितका निर्धोक नाही. ब्राझीलमध्ये खोल किडीवर झालेल्या चाचणीत एकाच भेटीत तळाशी कीड ठेवून फिलिंग केलेल्या दातांपैकी 3 वर्षांनी 91 टक्के दातांची नस जिवंत होती, दोन टप्प्यांच्या गटात 69 टक्के. दुसऱ्या भेटीला न आलेल्यांमुळे हा फरक बराच वाढला. तात्पुरतं फिलिंग महिनोन्महिने सील धरत नाही. आणि ‘कडक लागेपर्यंत खरवडा’ या सल्ल्याने खोल किडीत नस उघडी पडते, मग रूट कॅनलची वेळ येते.

फिलिंगनंतर एक्स-रेमध्ये तळाशी काळसर पट्टा दिसत राहील. ‘अमुक दातात तळाशी मऊ डेंटिन मुद्दाम ठेवलं आहे’ अशी नोंद तारखेसह करून पेशंटलाही द्यावी, म्हणजे पुढचा डॉक्टर त्याला नवी कीड समजून चांगलं फिलिंग फोडणार नाही.