घरबसल्या सुईणपण

घरबसल्या काय वाट्टेल ते शिकता येतं असं म्हणतात, म्हणून प्रौढ वयात काही जणी सुईणीच्या अभ्यासक्रमाला नाव घालतात. बाळंतपण मात्र दुरून होत नाही. सुईणींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या निकषांत किमान ४० टक्के पाठ्यभाग आणि किमान ५० टक्के प्रत्यक्ष काम सांगितलंय. युरोपीय संघाच्या नियमात तर विद्यार्थिनीने ४० बाळंतपणं स्वतःच्या हातांनी करायची असतात, आणि ते हात माउसवर ठेवलेले चालत नाहीत. राहिला तो पाठ्यभाग. तेवढ्यानेही घराची पुरती वाट लागते.

पहिली फजिती पुस्तकांची. प्रौढ विद्यार्थी काटकसरी, तो जुनी पुस्तकं गोळा करतो. आता प्रश्न येतो : प्रसूतीचा सक्रिय टप्पा गर्भाशयाचं मुख किती उघडल्यावर सुरू होतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४च्या पार्टोग्राफात, म्हणजे प्रसूतीची प्रगती नोंदवायच्या आलेखात, ३ सेंटिमीटर, पुढच्या सुधारित आवृत्तीत ४, आणि २०१८च्या शिफारशींत ५. तीन पुस्तकं, तीन उत्तरं. कळा सोसणारी बाई तीच. तासाला एक सेंटिमीटर या हिशेबाची ती तिरपी सतर्कता रेषा एकदाची डोक्यात बसते, तर २०२०च्या नव्या तक्त्यात ती रेषाच नाही. त्याऐवजी मुख एकाच मापावर किती वेळ थांबलं की सावध व्हायचं, याची दर सेंटिमीटरला वेगळी मुदत : ५ला ६ तास, ६ला ५, ७ला ३, ८ला अडीच, ९ला २. शेवटाकडे आखडत जाणाऱ्या मुदती कशा असतात, हे असाइनमेंट लिहिणाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही. तेव्हा पुस्तक घेताना मुखपृष्ठाआधी आवृत्तीचं साल बघा.

मग बाहुली. बाळाचं डोकं कटीतून, म्हणजे आईच्या कमरेच्या हाडांच्या कड्यातून, कसं वळत येतं हे चित्रात कळतं असं वाटतं, तो निव्वळ भ्रम आहे. जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या, दोन्हींत १३ बाय ११ सेंटिमीटरचं लांबट भोक कापा. वरच्या तुकड्यात लांबी आडवी, खालच्यात उभी, आणि मध्ये चार-पाच बोटं अंतर. कटीचं वरचं तोंड आडवं रुंद, खालचं पुढून मागे रुंद. सगळा खेळ एवढाच. आता बाहुली घाला. प्लास्टिकची असेल तर तिची मान ताठ. हनुवटी छातीला टेकली तर डोक्याचे पुढून-मागून ९.५ सेंटिमीटर समोर येतात, मान ताठ राहिली तर ११.५, मग तोंड बाजूला करून घातली तरच वरून आत जाते आणि न वळवता खाली अडकून बसते. कापसाची बाहुली त्याहून वाईट. तिचं डोकं कुठूनही चेंबटून निसटतं. असं बाळंतपण सगळ्यांनाच आवडेल, पण त्यातून शिकायला काही मिळत नाही.

म्हणून बाहुली घरीच करावी. साधारण ३० सेंटिमीटर घेराचा टणक चेंडू, त्याला कपाळाकडून आणि मागून कापड गुंडाळून लांबी ११.५ करायची, धडासाठी पायमोजा, मानेला सैल कापड. पुढे जाड दोऱ्याने पतंगाच्या आकाराची मोठी टाळू शिवायची, मागे छोटी तिकोनी. मग वर टॉवेल टाकून फक्त बोटांनी ओळखायचं. तिकोनी लागली तर मान नीट वाकलीय. पतंग सहज हाताला लागला तर मान ताठ आहे. हे जमायला मला वाटतं पाठांतरापेक्षा शिवणकाम जास्त लागतं. घरातलं लहान मूल बाहुली परत मागायला येतं आणि पाय धरून ओढतं, तेव्हा पायाळू बाळंतपणाचाही पाठ होऊन जातो. फक्त त्यातला पहिलाच नियम, ओढायचं नाही, मोडलेला असतो.

गर्भाशयाच्या मुखाचं माप घ्यायला शिकायचं तर पुठ्ठ्यात १ ते १० सेंटिमीटरची गोल भोकं पाडून डोळे मिटून बोटं घालायची. आधी आपलीच बोटं पट्टीवर मोजा. ‘दोन बोटं’ हे माप नव्हे, कारण बोटं ज्याची त्याची. ८च्या पुढे पसरलेली बोटंही पुरत नाहीत. तिथे उरलेली कड चाचपतात. दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर कड राहिली तर ८. पुठ्ठ्याला अर्थात खऱ्या मुखासारखं कळांबरोबर पातळ होणं माहीत नाही, त्यामुळे ही सवय खरी तपासणी करताना काही प्रमाणात विसरावीही लागते.

रक्तस्रावाच्या अंदाजाचा सराव एकदाच करा आणि घरच्यांना आधी सांगून. मापाच्या भांड्याने ५०० मिलिलिटर लाल पाणी जुन्या चादरीवर ओता. कापड इतकं पिऊन टाकतं की नजर हमखास कमी सांगते. म्हणून कोरडी चादर आधी वजन करून ठेवायची, मग ओली. एक ग्रॅम वाढलं तर साधारण एक मिलिलिटर. न सांगता केलात तर शेजारी धावून येतात, आणि त्यांना ग्रॅमचं गणित समजावणं अवघड जातं.

सगळ्यात शेवटी व्हिडिओवरची तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा. फोन धरायला कोणीतरी लागतं, आणि धरणारा नेमका नको तिथे तोंड फिरवतो. डोकं बाहेर आलं की मानेचा पीळ सुटून ते आपोआप बाजूला वळतं. कापडी मानेतही हे छान दिसतं, मात्र हात बाजूला ठेवले तरच. परीक्षक तेच बघत असतात. आणि तिथेच चित्र गोठतं : डोकं बाहेर, खांदे आत, विद्यार्थिनीचे दोन्ही हात हवेत. काही सेकंदांनी फुटका आवाज येतो, “पुढे काय?” “पुढच्या कळेची वाट,” असं सांगून गप्प बसायचं. उत्तर बरोबर असतं, आणि तेवढ्यात नेटवर्कही येतं.